‘पेपरमा उनं का?’ : मराठी दैनिकांच्या संपादक-मालकांना एका तालुका वार्ताहराचे खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे सर्व संपादक आणि मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा ६ जानेवारीला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि बाळशास्त्री जांभेकरांची फ्रेम केलेली तसबीर. १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ निघालं म्हणून आपण हा पत्रकार दिन पाळतो. भाषणात जिल्हा कार्यालयाचे साहेब म्हणाले, ‘तालुका वार्ताहर हा दैनिकाचा कणा आहे.’ त्यानंतर पाचव्या आठवड्यात, मंगळवारी रात्री पावणेदहाला, वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळींचा निरोप पडला. एक तारखेपासून तालुका पान बंद. बातम्या लिहून पाठवू नयेत. मोबाईल उभा धरून ४० सेकंदांचा व्हिडिओ पाठवावा. मानधन व्ह्यूजप्रमाणे.

ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केलेली होती, त्यामुळे ‘बरं’ म्हणायलाही जागा नव्हती. बत्तीस वर्षांच्या कामाला मी उत्तर कुठे लिहायचं? म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितो आहे.

दैनिकाचं नाव सांगत नाही. ते एकच असतं तर मालकांच्या दारात जाऊन बसलो असतो. पण नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, देवळा, कळवण भागातल्या माझ्या सोबत्यांना थोड्याफार फरकाने असेच निरोप आले आहेत, वेगवेगळ्या दैनिकांकडून. कोणाचं पान गेलं, कोणाचं अर्धं झालं, कोणाला ‘डिजिटल प्रतिनिधी’ असं नवं नाव मिळालं आणि जुनं मानधन गेलं. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी बागलाणचा. आधी विक्रेता झालो आणि मग वार्ताहर. आमच्याकडे बहुतेकांचं असंच होतं: जो अंक वाटतो त्यालाच बातमी पाठवायला सांगायचं, आणि जो बातमी पाठवतो त्यालाच जाहिरात आणायला सांगायचं. पहाटे साडेचारला तालुक्याच्या गावी, सटाण्याच्या स्टँडवर पार्सल उतरायचं. गठ्ठे फोडायचे, पुरवण्या घालायच्या, लाइनी लावायच्या, सहाच्या आत सायकली सुटायच्या. चांगल्या दिवसांत माझे ६४० अंक होते. आज १७० आहेत, त्यातले २० सरकारी कार्यालयांत जातात आणि न उघडता रद्दीत जातात.

बातमी तेव्हा फुलस्केप कागदावर एका बाजूने, समास सोडून लिहायची. पाकिटावर ‘प्रेस मॅटर, तातडीचे’ असं लिहून सटाणा-नाशिक गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. नाशिकच्या स्टँडवर कार्यालयाचा शिपाई उभा असायचा. गाडी पंक्चर झाली की आमदाराची सभा परवाच्या अंकात. मग एसटीडी बूथवरून फॅक्स आला. मग सायबर कॅफे आणि ईमेल. तेव्हा इकडच्या फॉन्टमधली बातमी तिकडे उघडली की नुसते चौकोन दिसायचे, आणि मी फोनवरून ‘ह्रस्व, ह्रस्व’ असं ओरडायचो. मग मोबाईल. हे सांगण्याचं कारण एवढंच की ‘म्हातारा बदलायला तयार नाही’ असं कोणी म्हणेल. माझी नात मला रील कसं कापायचं ते शिकवते. नव्या यंत्राला मी घाबरलो असतो तर फॅक्सच्या वेळीच घाबरलो असतो.

आमच्या भागात अहिराणी बोलतात. गावात काही कानावर आलं, कुठे अपघात, कोणाची निवड, धरणाचं आवर्तन, की पारावरचा माणूस मला हटकून विचारायचा, ‘भाऊ, पेपरमा उनं का?’ म्हणजे, पेपरात आलं का? पेपरात येईपर्यंत ती गोष्ट चर्चा असायची. पेपरात आली की बातमी व्हायची. हा मान मला नव्हता, तुम्हालाही नव्हता. कोणीतरी जाऊन बघून आलंय, विचारून आलंय, या समजुतीचा तो मान होता. आता तोच माणूस मोबाईल माझ्यासमोर धरतो आणि विचारतो, ‘खरं शे का, भाऊ?’ गंमत अशी की मोबाईलवर दिसणारी ती ओळ पुष्कळदा तुमच्याच ॲपची असते.

तक्रारी आता सांगतो.

‘सटाणा, ता. १२ (वार्ताहर) :’ माझी प्रत्येक बातमी अशी सुरू व्हायची. पहिले तीन शब्द कोणी वाचत नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण त्यात कुठे, कधी आणि कोणी हे सगळं होतं. आणि शेवटच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता. १८६७ च्या कायद्याने ती ओळ सक्तीची होती. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, तो २०२४ च्या मार्चपासून लागू झाला, पण तोही नियतकालिकांच्या नोंदणीचा, मोबाईलवरच्या बातम्यांचा नाही. त्या बारीक ओळीमुळे एखादा ग्रामसेवक चिडला तरी कोणावर चिडायचं हे त्याला माहीत असायचं.

मोबाईलवर तुमची बातमी येते तेव्हा हे तिन्ही शब्द कापलेले असतात. आणि मुद्दाम कापलेले असतात. ‘या तालुक्यात घडला धक्कादायक प्रकार’. कोणत्या? ते कळायला बोट लावावं लागतं. ‘शेतकऱ्यांसाठी मोठी बातमी, या तारखेपासून…’ कोणत्या तारखेपासून? पुन्हा बोट. आम्हाला शिकवलं होतं की मथळ्यातच बातमी सांगून टाका, घाईतल्या माणसाला तेवढं पुरतं. तुम्ही आता मथळ्यात बातमी लपवता. आणि तो मथळा कोणी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलला की त्याच्यामागे ना गाव, ना तारीख, ना नाव. दोन वर्षांपूर्वीच्या गारपिटीचे फोटो दर वळवाला नव्याने फिरतात. मागच्या मे महिन्यात मला तहसील कार्यालयातून फोन आला, ‘तुमच्याकडे एवढी गार पडली आणि तुम्ही कळवलं नाही?’ मी अंगणात उभा होतो. ऊन होतं.

आता कांद्याचं, कारण ते जरा सविस्तर सांगावंच लागेल.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर आमच्याकडे माणसं सकाळी उठून देवाआधी मोबाईल बघत. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. दुपारपासून मोबाईलवर एकच: निर्यातबंदी उठली. ‘ब्रेकिंग’, लाल पट्टी, फटाक्यांचं चित्र. शनिवारी लासलगावच्या कांदा बाजारात सरासरी भाव क्विंटलला १,२८० होता. सोमवारी तो १,८०० वर गेला. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. प्रत्यक्षात ती उठली ४ मे रोजी, आणि तीही निर्यात शुल्क आणि किमान दराची अट घालून.

रविवारची ती बातमी अगदीच हवेतली होती असं मी म्हणत नाही. दिल्लीत काही हालचाल होती, एका समितीच्या बैठकीचा हवाला होता. पण हालचाल आणि निर्णय यात फरक असतो, आणि तो फरक सांगणं हे तर आपलं काम. ‘उठली’ आणि ‘उठण्याची शक्यता’ यात दोन शब्दांचं अंतर आहे. त्या दोन शब्दांची किंमत माझ्या शेजाऱ्याने मोजली. त्याचा रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा काढायला अजून आठ दिवस होते, माना पडायच्या होत्या, म्हणजे पात सुकून आडवी व्हायची होती. रविवारी संध्याकाळी तुमच्यापैकी एकाच्या ॲपवरची ओळ त्याने मला दाखवली. मी म्हटलं, ‘उद्याचा अंक येऊ दे.’ तो म्हणाला, ‘तोपर्यंत भाव निघून जाईल.’ सोमवारी पहाटे बाया लावून त्याने दीड एकर उपटला. कच्चा माल. सुकवून, कापून, पिकअप भरून मार्केटला नेईपर्यंत गुरुवार उजाडला होता. भाव काय मिळाला ते तो सांगत नाही. मीही विचारत नाही.

मंगळवारी त्या ॲपने काय केलं? नवी बातमी टाकली: ‘निर्यातबंदी कायम, शेतकऱ्यांमध्ये संताप’. जुनी तशीच. चूक झाली असं कुठे नाही, रविवारच्या बातमीवर खूण नाही. तो दुवा मी परवा उघडून पाहिला, अजून उघडतो आणि अजून म्हणतो की बंदी उठली. संतापाची बातमी तर अजबच: ज्यांनी आग लावली त्यांनीच धुराचं छायाचित्र छापावं, तसं. छापील अंकात एकदा माझ्या चुकीने एका पतसंस्थेच्या अध्यक्षाचं आडनाव बदललं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर चौकटीत ‘दुरुस्ती’ छापून आली आणि माझ्या मानधनातून पन्नास रुपये कापले गेले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, निदान चौकट तरी होती.

डेटा मोफत झाल्यावर गर्दी होणार हे मला कळतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं त्याआधी आमच्याकडची पोरं महिनाभर एक जीबी पुरवून पुरवून वापरत. नंतर गुराख्याच्या हातातही दिवसभर व्हिडिओ चालू. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. जगाला ते कळलं एसटीच्या एका चालकामुळे. रोजच्या वाटेवरचं गाव त्याला जागेवर दिसेना. नऊ वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, खालापूरच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड आली, तेव्हा शाळेत मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांनी खाली फोन केले आणि रात्रीच माणसं वर निघाली. मोबाईल नसता तर सकाळ झाली असती. म्हणून माझं भांडण मोबाईलशी नाही. माळीणची बातमी ज्याने आणली तो रोज तिथे जात होता, आणि इर्शाळवाडीची ज्यांनी दिली ती तिथेच राहणारी होती. तुम्ही तालुक्यातून नेमका असाच माणूस काढून घेताय, जाणारा आणि राहणारा.

तो काढला की काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे. ताहाराबादवरून डोंगर ओलांडला की पलीकडे साक्री तालुका, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८ चा रविवार, राईनपाड्याचा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं सोडवलं, त्यात दोन वर्षांचं मूल होतं. त्या दिवसांत देशभर फिरत असलेला, मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा व्हिडिओ कराचीतल्या एका जनजागृती फितीचा होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला.

या प्रकरणात मला एक कबूल करायचं आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती टोळीची सूचना मीही पुढे पाठवली होती. बहिणीच्या घरच्या ग्रुपवर. ‘काळजी घ्या’ एवढं वर लिहून. मी, पंचवीस वर्षं वार्ताहर असलेला माणूस. त्याच आठवड्यात मी पोलीस ठाण्यात विचारून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ अशी बातमीही पाठवली होती. ती संक्षिप्तमध्ये चार ओळींत लागली, कारण त्या दिवशी पानावर एका नेत्याच्या वाढदिवसाची अर्धपान जाहिरात होती. ती जाहिरातही मीच आणलेली. कोणत्या बाजूने किती चूक, हे मी अनेकदा मोजून पाहिलं आहे.

त्यानंतर दहा दिवसांत व्हॉट्सॲप कंपनीने काय केलं आठवतं? देशातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, खोटी माहिती कशी ओळखावी याच्या. संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली, महिना संपायच्या आत एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. जगातल्या सगळ्यात मोठ्या निरोप्याला आपली अफवा विझवायला कागदी पेपरकडे यावं लागलं! त्या कंपनीला तेव्हा कागदाचं वजन कळलं होतं. तुम्हाला मात्र आपलंच कळलं नाही.

तुम्ही सोडलेली जागा रिकामी राहिली नाही. आज आमच्या तालुक्यात माझ्या मोजणीप्रमाणे अकरा ‘न्यूज चॅनल’ आहेत. एक मोबाईल, एक रंगीत बूम म्हणजे माईक, गळ्यात ओळखपत्र, गाडीच्या पुढच्या काचेवर ‘प्रेस’. त्यातली दोन पोरं खरोखर कामाची आहेत. एकाने गळक्या आश्रमशाळेचं चित्रण केलं तेव्हा आठ दिवसांत पत्रे बदलले, जे माझ्या तीन बातम्यांनी झालं नव्हतं. मी त्याला घरी बोलावून जेवू घातलं. बाकीच्यांपैकी काहींचा धंदा वेगळा आहे. रेशन दुकानात बूम घेऊन शिरायचं, पोत्यांचं चित्रण करायचं, आणि ते टाकायचं नसेल तर किती ते सांगायचं. दुकानदार मला फोन करतो, ‘तुमच्या पत्रकारांना आवरा.’ माझे कोण? त्यांची नेमणूक कोणी केलेली नाही, त्यांच्या कामाला तळाची ती बारीक ओळ नाही. आता तुम्ही मला व्ह्यूजवर पैसे देऊ म्हणता, म्हणजे त्यांच्याच रांगेत उभं करता. एका शाळेच्या पोषण आहारावर माहिती अधिकारातून कागद काढून मी बातमी केली, त्याला तीन महिने लागले. उभ्या व्हिडिओत तिचं काय दिसणार? कागदाला किती व्ह्यूज येतात? बिबट्या विहिरीत पडला की मात्र लाखावर जातात. पुढच्या वर्षी मी बिबट्याच शोधत फिरेन, आणि तुमचा हिशेब सांगेल की बागलाणमध्ये बिबट्याशिवाय काही घडत नाही.

कोरोनाचंही एक वाक्य लिहून ठेवतो. मार्च २०२० मध्ये पेपरला विषाणू चिकटतो अशी अफवा उठली, १८ एप्रिलला सरकारने घरोघर अंक टाकायलाच मनाई केली, पुढे ती बरीचशी सैल झाली. त्या दिवसांत तुम्हीच पीडीएफ वाटल्या, वाचकाला बोटाने पान सरकवायची सवय लावली, आणि सवय लागल्यावर ‘पीडीएफ फिरवणे हा गुन्हा आहे’ असं छापलंत. माझे २०० अंक त्या उन्हाळ्यात गेले ते परत आले नाहीत. असो.

आमच्या हातून काय चुकलं तेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. तालुका पान म्हणजे काही देव्हारा नव्हता. निम्मं पान निवेदन दिल्याच्या फोटोंनी भरायचं, ओळीने उभी माणसं आणि मध्ये तहसीलदार. साखर कारखाना, बँक, बाजार समिती यांच्या विरोधात लिहिताना पेन जड व्हायचं, कारण दिवाळीच्या पुरवणीला जाहिरात तिथूनच यायची. आणि त्या जाहिरातीचं लक्ष्य तुम्ही ठरवून द्यायचात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन. मानधन नावाला, कमिशनवर घर. ज्याची जाहिरात त्याचीच चौकशी करायची, ही कसरत आम्ही केली आणि पुष्कळदा पडलो. वाचक मोबाईलकडे वळला त्यात हाही भाग आहे. त्याला आमची बातमी शिळी वाटली, तशी ती मिंधीही वाटली असेल.

तरीही काहींनी जीव घालवला आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी फेब्रुवारी २०२३ मध्ये सकाळी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्यावर गाडी घातली गेली. मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाला जे संरक्षण असतं त्यातलं काहीही तालुक्यातल्या माणसाकडे नसतं. माझ्याकडे बत्तीस वर्षांत नेमणुकीचा कागदसुद्धा नाही. एक ओळखपत्र आहे, त्यावर लिहिलंय की हे संस्थेचं कर्मचारी असल्याचा पुरावा नाही.

शेवटची तक्रार कात्रणांची. माझ्या माळ्यावर पत्र्याच्या तीन पेट्या आहेत. माणसं येतात, ‘भाऊ, आपल्या गावच्या तलावाचं भूमिपूजन कधी झालं होतं?’ ‘वडील गेले तेव्हाची बातमी आहे का?’ २०१४ च्या गारपिटीचं कात्रण एकाने पीक कर्जाच्या भांडणात बँकेत नेऊन दाखवलं. तालुका पान हे आमचं दप्तर होतं. ई-पेपरवर आता मागचे अंक उघडत नाहीत, आणि उघडले तर फक्त शहराची आवृत्ती. तालुक्याची पानं त्यात ठेवलेलीच नाहीत. उंदीर माझ्या पेट्यांना लागले की बागलाणची तीस वर्षं गेली.

आता मागण्या. कागद परत आणा असं मी म्हणत नाही, वाचक जिथे आहे तिथेच जावं लागतं.

प्रत्येक तालुक्याला एक माणूस ठेवा, नेमणुकीचं पत्र देऊन, महिन्याच्या ठरलेल्या पगारावर, अपघात विम्यासह. तो मीच असावा असं नाही. माझं वय झालं. त्या आश्रमशाळेवाल्या पोराला घ्या. पण त्याला जाहिरातीचं लक्ष्य देऊ नका आणि व्ह्यूजवर मोजू नका.

मोबाईलवरच्या प्रत्येक बातमीवर गाव, तारीख, वेळ आणि बातमी देणाऱ्याचं नाव पुन्हा लावा, आणि ते चित्रावर छापल्यासारखं असू द्या, म्हणजे कोणी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला तरी सोबत जाईल. मथळ्यात गावाचं नाव लपवणं बंद करा. हे फुकटात होतं, याला यंत्र लागत नाही.

चूक झाली की दुरुस्ती त्याच दुव्यावर, वरच्या ओळीत, आणि ज्या मोबाईलवर चुकीची घंटी वाजवली त्या सगळ्यांवर दुरुस्तीची घंटी. रविवारच्या कांद्याच्या बातमीवर आजही ती खूण करता येईल. ती करा.

केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तुमच्या डिजिटल आवृत्तीला तक्रार निवारण अधिकारी असतो आणि तक्रारीचा निकाल त्याने १५ दिवसांत द्यायचा असतो. त्याचं नाव आणि फोन नंबर मराठीत, ॲपच्या पहिल्याच पडद्यावर दिसू द्या. सध्या ते शोधायला माझ्या नातीला वीस मिनिटं लागली, आणि सापडलं ते इंग्रजीत.

तालुका पानांचे जुने अंक स्कॅन करून सगळ्यांना खुले करा. माझ्या पेट्या मी द्यायला तयार आहे. पावसाळ्याच्या आत कोणी गाडी घेऊन आलं तर बरं.

आणि यापुढे कोणाला काढायचं झालं तर फोन करा, किंवा पत्र पाठवा. ग्रुपवर नको.

या पत्राची एक प्रत मी कागदावर लिहून, पाकिटात घालून, जिल्हा कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. सवयीने सटाणा-नाशिक गाडीच्या कंडक्टरकडे द्यायला गेलो होतो. त्याने विचारलं, ‘काय आहे यात?’ म्हटलं, बातमी. तो हसला आणि म्हणाला, ‘मग मोबाईलवर टाका ना, भाऊ.’ पोस्टाने पाठवली आहे.

आपला,
बागलाण तालुक्यातला एक वार्ताहर आणि विक्रेता